धातू कुठलाही द्या, पण सांधे नीट द्या

तुझा प्रश्न असा, की स्मार्टवॉचचं नवीन मॉडेल येणार म्हणून सगळे टायटॅनियम की स्टील की सिरॅमिक यावर बोलतायत, तर रोज घड्याळं उघडणाऱ्या माणसाला त्यात केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, कशाची हवीय, डिझाइनमध्ये काय बदल हवाय, आणि तू देवगडला वडिलांच्या ट्रॉलरवर जातोस, हंगामात आंब्याच्या बागेत असतोस, तर तुझ्यासारख्याने आत्ता घ्यावं की थांबावं. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय. उत्तर लांब होणार, कारण हा विषय माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे आणि यावर कोणी विचारत नाही.

मी मालवणात घड्याळ दुरुस्ती करतो, सव्वीस वर्षं झाली, त्याआधी त्याच टेबलावर बाबा बसायचे. त्यांच्या काळी एचएमटीची घड्याळं भरपूर यायची, त्यातल्या स्वस्तातल्या मॉडेलांची केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा, आणि मागचं झाकण स्टीलचं. घाटावर ही घड्याळं वर्षानुवर्षं चांगली राहायची आणि आमच्याकडे पट्टा अडकतो त्या कानांपाशी मुलामा उडून केस हिरवी पडायची. बाबांनी मला लहानपणीच एक दाखवलं होतं, की झाकण मधोमध शाबूत असतं, केसची वरची बाजूही बऱ्यापैकी शाबूत असते, खराब होतं ते फक्त दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे आणि पट्ट्याखाली जिथे घाम साचतो तिथे. आज माझ्याकडे जी स्मार्टवॉच येतात ती बाबांनी कधी बघितली नाहीत, पण ती मरतात त्याच जागी. म्हणून माझी अपेक्षा धातूपेक्षा सांध्यांबद्दल जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मागच्या वर्षी निवतीकडचा एक तांडेल (होडीचा प्रमुख) आला होता, म्हणाला, "माजा घड्याळ पाण्यात पडूक नाय, तरी बंद कसा पडला?" तो खरंच बोलत होता. त्याच्या घड्याळात पाणी शिरलंच नव्हतं. मीठ शिरलं होतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, होडीवर लाट फुटली की त्याचे बारीक तुषार हवेत राहतात, ते मनगटावर बसतात, वाळतात, आणि प्रत्येक फटीत मिठाचा कण मागे राहतो. आता लोकांना वाटतं वाळलं म्हणजे संपलं. तसं नसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पुन्हा ओलं होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली उतरते कधी? म्हणजे घड्याळ कपाटात ठेवलंस तरी फटीतलं मीठ आपलं काम करतच राहतं. डब्यातलं मीठ जूनमध्ये कसं पाझरतं ते आईला विचार, तेच घड्याळात होतं.

आता धातूंकडे येतो. सगळ्यात जास्त खपतं ते अॅल्युमिनियम, कारण हलकं आणि परवडणारं. अॅल्युमिनियम तसं वाईट नाही, त्याच्यावर स्वतःचाच ऑक्साइडचा थर असतो आणि कंपन्या अॅनोडायझिंग करून तो थर जाड करतात, रंगही त्याच थरात भरतात. तो थर शाबूत आहे तोपर्यंत समुद्र त्याचं काही करू शकत नाही. पण दोन गोष्टी त्याला चालत नाहीत. एक म्हणजे अल्कली, आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ. कपडे धुवायची पावडर, भांड्याचा साबण, चुना, राख, हे सगळं त्या थराला खातं, म्हणून रोज भांडी-कपडे करणाऱ्या बायकांच्या अॅल्युमिनियमच्या घड्याळाचा रंग कडेकडेने फिका झालेला मला दिसतो आणि त्यांना वाटतं माल खोटा होता. दुसरी म्हणजे शेजारचा धातू. तुमच्या ट्रॉलरच्या पंख्याजवळ झिंकचे ठोकळे बोल्ट केलेले असतात ना, ते दरवर्षी झिजून जातात आणि बदलावे लागतात. ते कशासाठी असतात ते तुझे वडील तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले की त्यातला हलक्या जातीचा धातू झिजतो आणि दुसरा वाचतो, म्हणून मुद्दाम झिंक झिजायला देतात. अॅल्युमिनियमच्या केसमध्ये स्टीलची पिन किंवा स्टीलचा स्क्रू बसवला की तिथे अॅल्युमिनियमच झिंकचं काम करतं. पट्टा काढला की खाचेत पांढरी भुकटी दिसते, ती भुकटी म्हणजे तुझ्या घड्याळाची केसच आहे, कणाकणाने बाहेर आलेली. लोक ती साबण समजून पुसतात. वरून रंग पोपड्यांसारखा उचलला गेला की समजायचं खालून बरंच खाल्लं गेलंय.

स्टीलबद्दल लोकांचा गैरसमज सगळ्यात मोठा. घड्याळात जे स्टील वापरतात ते बहुतेक ३१६एल, त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि त्या मॉलिब्डेनममुळे ते समुद्रावर साध्या भांड्याच्या स्टीलपेक्षा खूप टिकतं. पण त्याला हवा लागते. क्रोमियमचा जो पातळ थर स्टीलला वाचवतो तो ओरखडा गेला तर हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो, आणि अरुंद फटीत, रबराच्या रिंगेखाली, घट्ट बसलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्याखाली ऑक्सिजन संपतो, मीठ दाट होत जातं, आतलं पाणी आम्लासारखं होतं आणि मग स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. जेटीवरच्या स्टीलच्या पाइपांवर चहा सांडल्यासारखे डाग बघितले असशील, तीच सुरुवात. बाहेरून आरशासारखं चकचकीत घड्याळ आणि झाकण उघडल्यावर रबराची रिंग बसते त्या खोबणीत खड्डे, असं मी इतक्यांदा बघितलंय की आता गिऱ्हाइकाला आधी खोबण दाखवतो आणि मग खर्च सांगतो. आणि खोबणीत खड्डा पडला की नवीन रिंग घालून उपयोग नाही, पाणी रिंगेखालून जातं. अॅपलने २०१५ च्या पहिल्या घड्याळापासून २०२३ च्या सिरीज ९ पर्यंत स्टीलची केस ठेवली आणि २०२४ च्या सिरीज १० मध्ये त्या जागी टायटॅनियम आणलं. बरेच जण हळहळले, की स्टीलची ती झळाळी गेली. दिसायला मलाही स्टील आवडतं, पण किनाऱ्यावरचा माणूस म्हणून मला तो बदल पटला. वजनातही फरक पडला, सिरीज ९ चं ४५ मिलिमीटरचं स्टीलचं घड्याळ ५१.५ ग्रॅम होतं आणि सिरीज १० चं ४६ मिलिमीटरचं टायटॅनियमचं ४१.७. दहा ग्रॅम ऐकायला काही वाटत नाही, पण दिवसभर जाळं ओढणाऱ्या मनगटाला विचार.

टायटॅनियम. याच्याबद्दल मी थोडा हळवा आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू आहे ना, तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. लहानपणी आम्ही त्या वाळूत लोहचुंबक फिरवायचो. ज्या धातूला आज लोक एवढे पैसे देतात त्याचा कच्चा माल आपल्या पायाखाली आहे, आणि तोच धातू आपल्या हवेत सगळ्यात चांगला टिकतो. समुद्राच्या पाण्याचा साध्या तापमानाला टायटॅनियमवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. सिटिझनने १९७० मध्ये पहिलं टायटॅनियमचं घड्याळ काढलं, म्हणजे घड्याळवाल्यांना हे पन्नास वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे, स्मार्टवॉचवाले उशिरा आले. सॅमसंगने २०२२ मध्ये वॉच ५ प्रो टायटॅनियममध्ये काढलं, त्याच वर्षी अॅपलचं अल्ट्रा आलं, आणि २०२४ मध्ये सॅमसंगच्या अल्ट्रामध्ये ग्रेड ४ टायटॅनियम आलं, ग्रेड ४ म्हणजे जवळपास शुद्ध. ग्रेड ५ मध्ये साधारण ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं असतं, ते जास्त कडक. गंजण्याच्या बाबतीत मनगटावर दोन्हीत तुला काही फरक जाणवणार नाही, त्यामुळे ग्रेडच्या आकड्यावरून जास्त पैसे देऊ नकोस. आणि निकेल नसल्यामुळे ज्यांच्या मनगटाला धातूने खाज सुटते त्यांनाही हे चालतं, आपल्याकडे घामामुळे हा त्रास जास्त.

टायटॅनियमची अडचण गंज नाही, दिसणं आहे. ओरखडे लवकर दिसतात, मातकट दिसतात, आणि आरशासारखं पॉलिश केलेलं टायटॅनियम पुन्हा तसं करणं माझ्यासारख्याच्या दुकानात होत नाही. म्हणून माझी इच्छा अशी आहे की नवीन मॉडेलमध्ये टायटॅनियम द्या पण चकचकीत नको, घासलेल्या फिनिशचं द्या. घासायच्या पॅडने एका दिशेने चार हात मारले की ओरखडे त्यात मिसळून जातात, माणूस घरी करू शकतो. काळा रंग हवा असेल तर त्यावरचा थर कडक असतो पण फार पातळ असतो, वरून चांगला दिसतो आणि कडेला कठड्यावर आपटला की खालचा राखाडी धातू दिसायला लागतो. होडीवर काम करणाऱ्याने काळं घेऊ नये, नैसर्गिक राखाडी घ्यावं, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दहातले आठ जण काळंच घेतात.

अॅपलने २०२५ मध्ये अल्ट्रा ३ आणि सिरीज ११ च्या टायटॅनियमच्या केस थ्रीडी प्रिंटिंगने करायला सुरुवात केली, धातूची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून. लोकांनी ते पर्यावरणाची बातमी म्हणून वाचलं, माल कमी वाया जातो म्हणून. मला त्यात दुसरंच दिसलं. ठोकळा कातून केस करताना हत्यार जिथे पोचत नाही तिथे आकार देता येत नाही, मग दोन भाग करून जोडावे लागतात. प्रिंट करताना आतल्या बाजूलाही हवा तसा आकार आणि खडबडीतपणा देता येतो, म्हणजे प्लास्टिकचा भाग धातूला नीट धरून बसतो. जोड कमी करायची आणि आहे तो जोड पक्का करायची सोय आता हातात आलीय. ती वापरून सांधे सुधारले तर मी त्या कंपनीला मनापासून धन्यवाद देईन.

सिरॅमिकबद्दल थोडक्यात. अॅपलने २०१६ मध्ये पांढरं सिरॅमिक काढलं होतं, नंतर २०१९ मध्येही, मग बंद केलं. गंजत नाही, वाळूने ओरखडत नाही, साबण-आमसूल-हळद कशाचा डाग बसत नाही. पण पडलं की तडकतं, आणि आपली जमीन काय आहे, जांभ्याचा चिरा नाहीतर लादी. घरात वापरणाऱ्यासाठी पुन्हा आणावं असं वाटतं, होडीसाठी नको.

आणि ज्याला कोणी मानाचं पान देत नाही ते प्लास्टिक. फायबर घातलेलं चांगलं पॉलिमर, जसं गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांच्या केसला असतं, वर फक्त स्टील किंवा टायटॅनियमची कडा. गंजायला काही नाही, आपटलं तर धक्का पचवतं, अँटेनाच्या लहरींना अडवत नाही. कॅसिओने १९८३ पासून जी-शॉकमध्ये हेच केलंय. मला विचारशील तर खलाशासाठी सगळ्यात योग्य केस ही: अंग पॉलिमरचं, काचेभोवती काचेपेक्षा जराशी वर आलेली टायटॅनियमची कडा, आणि बस. मोठ्या फोन कंपन्या हे करणार नाहीत कारण प्लास्टिक म्हटलं की गिऱ्हाईक स्वस्त समजतं, पण माझी अपेक्षा विचारलीस म्हणून सांगितली. दीड-दोन हजारांच्या घड्याळांवर मेटल बॉडी लिहिलेलं असतं ते मात्र बहुतेक वेळा झिंकचं मिश्रण आणि वर रंग असतो. वर झिंकच्या ठोकळ्याचं सांगितलं ते आठव. त्यापेक्षा त्याच किमतीतलं साधं प्लास्टिकचं घे.

आता सांध्यांवर येतो, जे मला खरं सांगायचंय.

पहिली जागा पट्ट्याची. केसमध्ये पट्टा सरकवायची जी खाच असते ती बंद गुहेसारखी असते, तिच्यात बारीक स्प्रिंग, बारीक पिना, आणि त्या कधी स्टीलच्या. मीठ तिथे जातं आणि बाहेर यायला वाट नसते. नवीन मॉडेलमध्ये ही खाच दोन्ही बाजूंनी उघडी आणि पाणी आरपार जाईल अशी हवी, म्हणजे नळाखाली धरलं की सगळं वाहून जातं. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे साधे कान आणि साधी २० किंवा २२ मिलिमीटरची पिन. पिन खराब झाली तर दहा-वीस रुपयांत नवीन. सॅमसंगच्या वॉच ४, ५, ६ ला साधा २० मिलिमीटरचा पट्टा बसायचा, नंतर २०२४ च्या अल्ट्रापासून त्यांनीही स्वतःची वेगळी पद्धत आणली. मला त्याचं वाईट वाटलं. साधा पट्टा असला की माणूस पावसाळ्यात एक, हंगामात एक असं बदलू शकतो. चामड्याला जुलैत बुरशी धरते, नायलॉन दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो, स्वस्तातला पॉलीयुरेथेनचा पट्टा दमट हवेने काही वर्षांत चिकट होऊन तुटतो, आपल्याकडे फ्लुरोइलास्टोमर नावाचं रबर किंवा चांगला सिलिकॉन हेच खरं. आणि घट्ट बांधायचा नाही.

दुसरी जागा स्क्रू. केस टायटॅनियमची आणि स्क्रू कुठल्यातरी स्टीलचे, असं करू नका, स्क्रूही टायटॅनियमचे द्या. पण त्यात एक मेख आहे, टायटॅनियमचा स्क्रू टायटॅनियमच्या आट्यात कोरडा फिरवला की दोन्ही एकमेकांना चावतात आणि कायमचे अडकतात. मी एकदा तसा स्क्रू काढायला गेलो आणि डोकं तुटून हातात आलं, आतला भाग ड्रिल करावा लागला, तेव्हापासून मी आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय टायटॅनियमचा स्क्रू बसवत नाही. कंपनीने स्क्रूवर थर द्यावा नाहीतर ग्रीस लावूनच बसवावा, म्हणजे दोन वर्षांनी उघडणाऱ्याच्या हाताला येईल.

तिसरी जागा भोकं. स्पीकर, माइक, हवेचा दाब मोजायचं छिद्र. चार्जिंगच्या उघड्या पिना असलेली घड्याळं तर किनाऱ्यावर घेऊच नयेत, घाम आणि मीठ बसलेलं असताना चार्जर लावला की वीज त्या मिठातून वाहते आणि पिना हिरव्या पडतात, ते हिरवं म्हणजे मुलाम्याखालचं तांबं. बाकी भोकांना जाळी असते, जाळीत मीठ वाळतं आणि आवाज बसतो. घड्याळ स्वतः आवाज करून पाणी बाहेर टाकतं ती सोय चांगली आहे पण ती पाणी टाकते, मीठ नाही. मला जाळी बाहेरून काढून बदलता येणारी हवीय, चष्म्याच्या नाकाच्या पॅडसारखी साधी गोष्ट.

चावी, म्हणजे घड्याळाच्या बाजूची फिरवायची गुंडी, आणि बटणं. ओल्या हाताने टच चालत नाही, पाण्याचा थेंबच बोट आहे असं त्याला वाटतं, म्हणून बटणं हवीतच, मोठी आणि हातमोज्यातून दाबता येतील अशी. पण फिरणारी चावी म्हणजे फट आली. चावीच्या फटीत वाळू जाते, आणि तुझ्यासारख्याच्या बाबतीत आंब्याचा चीक. घळाने (झेल्याने) आंबा काढून देठ मोडताना चिकाची चिळकांडी मनगटावर येते हे तुला ठाऊकच आहे, तो चीक चावीत वाळला की काळा आणि कडक होतो, मग ती फिरत नाही. एप्रिल-मे मध्ये माझ्याकडे अशी दोन-चार घड्याळं हमखास येतात. कोमट गोड्या पाण्यात धरून फिरवत राहिलं तर सुटते, पिनने खरवडू नकोस. सॅमसंगच्या क्लासिक मॉडेलांना कडाच फिरते, हातात घेतलं की सोडवत नाही इतकं छान लागतं, पण वाळूच्या गावाला ते चालणारं नाही. नवीन मॉडेलमध्ये चावीला दोन्ही बाजूंनी धातूचा कठडा हवा, अॅपलच्या अल्ट्राला आहे तसा, म्हणजे जाळ्याचा दोर तिच्यात अडकत नाही. दोर अडकून चावी उपटलेली घड्याळं मी बघितलीत, आणि एकदा तर घड्याळ नाही, माणसाचं मनगट सोलवटलेलं बघितलं. म्हणून जोरात खेचलं तर सुटणारा पट्टा हवा, हीसुद्धा माझी डिझाइनचीच अपेक्षा धर.

काच सपाट हवी. घुमटासारखी वर आलेली काच फोटोत सुंदर दिसते आणि कडेला आपटते. काच सफायरची, म्हणजे कृत्रिम नीलमाची, असेल तर वाळूने ओरखडत नाही, कडकपणाच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर वाळूतलं क्वार्ट्झ ७ आणि सफायर ९, साधी काच त्या दोघांच्या खाली. पण सफायर कठीण असल्यामुळेच ठिसूळ, टोकावर आपटलं तर जातं, म्हणून वर सांगितलेली उठावाची कडा. किनाऱ्यावर राहणाऱ्याने सफायरला जास्त पैसे दिले तर ते वाया जात नाहीत.

आता मागचं झाकण. यावर मी सगळ्यात जास्त आशा लावून आहे. जुन्या घड्याळाचं झाकण फिरवून उघडायचं, सेल बदलायचा, रबराची रिंग बदलायची, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं, टेस्टिंग मशीनला दाब देऊन बघायचं, अर्ध्या तासाचं काम, आणि घड्याळ पुन्हा पाण्यात जायला तयार. आजची बहुतेक स्मार्टवॉच समोरून काच चिकटवून बंद केलेली असतात. डिंकाचा पट्टा. तो उन्हाने, साबणाने, वाफेने, वर्षांनी कमजोर होतो आणि आतली बॅटरी फुगली तर काच उचलली जाते. पाण्यापासूनचं संरक्षण कायमचं नसतं हे कंपन्या स्वतः सांगतात, पण कायमचं नाही तर मग नवीन रिंग घालायची सोय कुठे आहे? ५० मीटर लिहिलेलं असतं ती आयएसओ २२८१० या घड्याळांच्या पाणी-संरक्षणाच्या मानकाची चाचणी नवीन घड्याळावर, स्थिर पाण्याच्या दाबाची असते. तारकर्लीला जेट स्कीवरून पडलास तर पाणी मनगटावर आदळतं तो हिशेब वेगळा. तीन वर्षं वापरलेलं, एकदाही न उघडलेलं घड्याळ घेऊन स्कुबाला जाणाऱ्या पर्यटकांना मी हात जोडून सांगतो, किनाऱ्यावर ठेवून जा.

गूगलने २०२५ च्या पिक्सेल वॉच ४ मध्ये बॅटरी आणि स्क्रीन दोन्ही बदलता येतील अशी रचना केली, पट्ट्याच्या खाचेतले स्क्रू काढले की उघडतं. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांना मागे स्क्रू आहेतच. म्हणजे हे जमत नाही असं नाही. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता आल्या पाहिजेत असा नियम लागू होतोय, पाण्यात वापरायच्या काही वस्तूंना त्यात सवलत आहे, तिथे कारागिराने काढली तरी चालते. मला तेवढंच हवंय. गिऱ्हाइकाने घरी उघडावं असं मी म्हणत नाही, पण सावंतवाडीच्या, रत्नागिरीच्या, मालवणच्या कारागिराला उघडता यावं, रिंग विकत मिळावी, आणि बंद केल्यावर पाण्याची चाचणी करता यावी. केस टायटॅनियमची करायची, जी पन्नास वर्षं टिकेल, आणि आत तीन-चार वर्षांत थकणारी बॅटरी डिंकाने बंद करायची, याने माझा जीव तुटतो. चांगली केस टाकून देताना हात थांबतो रे.

जाडीबद्दल लोक फार बोलतात, सिरीज ९ ची १०.७ मिलिमीटर होती ती १० मध्ये ९.७ झाली म्हणून कौतुक झालं. पातळ कोणाला नको, पण रिंग बसायला खोबण लागते, स्क्रूला आटे लागतात. एक मिलिमीटर जाड घड्याळ मी आनंदाने घालीन जर ते उघडणार असेल. गोल की चौकोनी, ते तुझ्या आवडीवर.

आता तुझं, घ्यावं की थांबावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्यालाच असतो, त्या दोन महिन्यांत नवीन घड्याळ घेऊन पावसात भिजवायचं कारण नाही. अॅपलवाले सप्टेंबरात नवीन काढतात, सॅमसंगवाले जुलै-ऑगस्टच्या सुमारास, तोपर्यंत थांब. नवीन आलं की दुकानात जाऊन आधी पट्टा काढून खाच बघ, मग पालथं करून मागे स्क्रू आहेत का बघ, मग चावीला कठडा आहे का, आणि मगच समोरची स्क्रीन. नवीनमध्ये यातलं काही सुधारलं नसेल तर मागच्या वर्षीचं टायटॅनियमचं घे, किंमत उतरलेली असेल. बजेट कमी असेल तर पॉलिमरचं, स्क्रूवालं.

घेतलंस की होडीवर गोड्या पाण्याची एक बाटली वेगळी ठेव. जेटीला लागल्यावर हात धुशील तेव्हा घड्याळावरही ओत, चावी दोन-चार वेळा फिरव, घरी गेल्यावर पट्टा काढून खाच धू आणि रात्रभर पट्टा न लावता पालथं ठेव. साबण नको, हेअर ड्रायर नको. आणि पहिला हंगाम संपला, मेच्या शेवटी ट्रॉलर किनाऱ्याला लागला, की एकदा मालवणला घेऊन ये, आयग्लासखाली, म्हणजे माझ्या डोळ्याला लावायच्या भिंगाखाली, दोघं मिळून खाच बघू.